कोणता मार्टिन?

ओलीस म्हणून जायला गोतिए आपणहून पुढे झाला, तेव्हा त्यात त्याचा काय काय फायदा आहे ते मी तिथेच पुलावर उभी राहून मनात मांडलं. इंग्रजांच्या छावणीतलं मटण. तटावरच्या पहाऱ्यातून सुटका. माझ्या आईच्या तोंडापासून सुटका. शिवाय पुढे जन्मभर गुत्त्यावर बसून ‘मी ओलीस होतो ना, तेव्हा’ अशी सुरुवात करायची सोय. तोट्याच्या बाजूला एकच गोष्ट होती, गळ्यातला फास. पण ती वेळ येणार नाही असं सगळेच धरून चालले होते. आणि गोतिए तर कुठल्याही व्यवहाराची उजळ बाजू तेवढी पाहणारा.

गोतिए माझा नवरा. लाकडी पिंपं बांधावीत तर त्यानेच, असं सगळं व्हेर्नाक गाव म्हणायचं. पिंपं तो बांधायचा, वाइनने भरून विकायची मी. पुलाला लागूनच माझा गुत्ता होता.

“आलिझ,” निघताना तो म्हणाला, “जत्रेला येतोच मी परत. तोवर माझा रंधा कुणाला देऊ नकोस.”

नवऱ्यासारखं काही बोलायला त्याला तेवढ्यात जमलं असतं. पण ते राहिलं.

त्या काळी दोन राजे एका गादीसाठी भांडत होते, एक आमचा आणि एक इंग्रजांचा. भांडण इतकं जुनं, की ते कशावरून लागलं हे नीट सांगू शकणारी माणसं माझ्या आजीच्या लहानपणीच मेली होती. त्या वर्षी आमच्या वाट्याला सर ओस्बर्ट नावाचा इंग्रज सरदार आला. थंडी ओसरताच त्याने आम्हाला वेढा घातला. आमचा किल्ला म्हणजे खडकावरचा एक बुरूज, त्याला बिलगलेलं गाव, भोवती तट आणि तटाला एकच दरवाजा. तेवढ्यासाठी माणसं घालवावीत असं ओस्बर्टला वाटत नव्हतं, आणि तेवढ्यासाठी आपण जावं असं आतल्या शिबंदीलाही वाटत नव्हतं.

अशा वेळी काय करायचं त्याची रीत ठरलेली होती. दोन्हीकडच्यांनी मिळून एक दिवस ठरवायचा. त्या दिवसापर्यंत लढाई बंद. तोवर आमच्या राजाची फौज मदतीला आली तर इंग्रजांनी वेढा उठवायचा. नाही आली, तर त्या दिवशी दुपारी आम्ही दरवाजा उघडून किल्ला द्यायचा, आणि शिबंदीने शस्त्रांसकट मानाने निघून जायचं. मग कुणी कुणाला भित्रा म्हणायचं नाही. आतल्यांनी शब्द फिरवू नये म्हणून आधी ओलीस द्यायचे. दरवाजा उघडला तर ओलीस घरी, नाही उघडला तर झाडाला.

आमचा किल्लेदार एमेरिक. उंच, मऊ बोलणारा, नखं नेहमी स्वच्छ. आमच्या चर्चमध्ये संत मार्टिनच्या बोटाचं हाड चांदीच्या डबीत ठेवलेलं आहे. ती डबी पुलावर आणली गेली. एमेरिकने तिच्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “संत मार्टिनच्या दिवशी, दुपारची घंटा होताच.” ओस्बर्टने तेच शब्द आमच्या भाषेत परत म्हटले. तो आमची भाषा दाढ दुखत असल्यासारखी बोलायचा. दोन्हीकडच्यांनी माना डोलावल्या. चेरीची फुलं नुकतीच गळून गेली होती, आणि संत मार्टिनची जत्रा उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर भरते हे पुलावरच्या गाढवांनाही ठाऊक होतं.

किल्ला खरं तर एमेरिकचा नव्हता. तो त्याच्या थोरल्या भावाचा. भाऊ वारला, मागे मुलगा राहिला, तिबो. तिबो वयात येईपर्यंत काकाने कारभार पाहायचा असं ठरलं होतं, आणि तिबो पुढच्या वसंतात वयात येणार होता. अंगाने सडपातळ, मिशा नुसत्या म्हणायला, पण बोलायला लागला की सारखं आपलं इमान आणि शब्द आणि घराण्याचं नाव. पहिला ओलीस म्हणून एमेरिकने याच पुतण्याचा हात धरला आणि ओस्बर्टच्या हातात दिला. बायकांनी डोळे पुसले. रक्ताचं माणूस देतोय, असं जो तो म्हणाला. ओस्बर्टचंही समाधान झालं. याहून मोठा ओलीस तो मागणार तरी कुठला? मग गावाकडून एक हवा होता, तो गोतिए झाला.

तह झाला आणि युद्ध एकदम सुसह्य झालं. दरवाजा दिवसभर उघडा. इंग्रज माझ्या गुत्त्यावर यायचे, मी पिंपं घालून गाडी छावणीत न्यायची. गोतिए दर खेपेला थोडा जाड दिसायचा. त्याने इंग्रजांची गळकी पिंपं बांधून द्यायला घेतली होती. म्हणजे घरी जे काम करायला मी महिनाभर मागे लागायची, ते तो शत्रूसाठी शीळ घालत करत होता. तिबो अक्रोडाच्या झाडाखाली बसलेला असायचा. मटण तो हिशेबाने खायचा, शत्रूचं म्हणून.

दरवाजावर रनूल असायचा. एका पायाने अधू झालेला म्हातारा. तिबोच्या वडिलांबरोबर सगळ्या लढायांना गेलेला. त्यांनी मरताना दरवाजाची किल्ली याच्या कमरेला बांधली, ती तेव्हापासून तिथेच. ती काढून आंघोळ करतोस की तिच्यासकट, असं मी त्याला विचारायची. आंघोळ कोण करतं, असं तो मला विचारायचा. त्याला जगात दुसरी हौस नव्हती; कोण कुठे जातं, का जातं, पोत्यात काय आहे, एवढं कळलं की त्याचा दिवस भरायचा. आमचं जमायचं ते त्यामुळेच.

एका सकाळी त्याने माझ्या गाडीपुढे काठी आडवी धरली.

“पोरी, मला एक सांग. थोड्या दिवसांत घर दुसऱ्याला देऊन जायचं असेल, तर तू आत्ता कमी खाशील की जास्त?”

“जास्त. मागे राहील ते दुसऱ्याचं होणार.”

“मग आमचा पाव निम्मा का झाला?”

तह झाला त्याच संध्याकाळपासून शिबंदीचा पाव निम्म्यावर आला होता म्हणे. वेढा असताना पूर्ण, तह झाल्यावर निम्मा. मी म्हटलं, किल्लेदाराला कोठार सोडवत नसेल. काही माणसं निघताना भिंतीतले खिळेसुद्धा उपटून नेतात.

“बरं, पाव सोड,” रनूल म्हणाला. “लाकडं?”

दुसऱ्या दिवसापासून जळाऊ लाकडाच्या गाड्या वर चढत होत्या. बुरुजाच्या तळघरात छतापर्यंत रचून झाली, आता जिन्याखाली रचत होते. उकाड्याने कुत्री नदीत जाऊन बसत होती असे ते दिवस. आम्ही दोघांनी त्यावर खूप डोकं चालवलं. रनूलचं म्हणणं, जाताना बुरूज पेटवून द्यायचा बेत असेल. मी म्हटलं, त्याला इतकी नीट रचून कशाला, आणि ओली कशाला? ती ओली होती. या उन्हाळ्यात पेटणारीच नव्हती. सुकायला हिवाळा उजाडला असता.

मला राहवेना. किल्लेदाराकडे वाइन पोचवायला मी एरवी गडी पाठवायची; त्या आठवड्यात स्वतः गेले. बोलता बोलता विचारलं, धनी, एवढी लाकडं?

“आलिझ, घर सांभाळायचं म्हणजे पुढचं पाहावं लागतं,” एमेरिक म्हणाला.

मी म्हटलं, पण घर तर जायचंय.

“ते सगळं संत मार्टिनच्या हातात,” तो हसून म्हणाला, आणि माझं रिकामं मडकं स्वतःच्या हाताने मला परत दिलं. मोठ्या माणसाने माझं मडकं कधी उचललेलं मी पाहिलं नव्हतं. घरी येऊन मी माझी सगळी भांडी मोजली. भांडी बरोबर होती.

जत्रेचा दिवस उजाडला. राजाची फौज आली नव्हती. रस्त्यावर धूळसुद्धा नव्हती. मी सकाळीच छावणीत गाडी नेली होती, परतताना गोतिएला घालून आणायचं म्हणून. त्याने गाठोडं बांधून ठेवलं होतं आणि इंग्रज स्वयंपाक्याचा निरोपही घेऊन झाला होता. चर्चमध्ये दुपारची घंटा झाली. आम्ही सगळे दरवाजाकडे बघत उभे राहिलो. दरवाजा मी बाहेर पडल्यापासून लावलेला होता, तो तसाच राहिला.

थोड्या वेळाने वर तटावर एमेरिक आला. ओस्बर्ट घोडा पुढे घेऊन म्हणाला, “आज संत मार्टिनचा दिवस आहे.”

“कोणता मार्टिन?” एमेरिकने विचारलं.

ओस्बर्टला वाटलं आपलीच भाषा चुकली. त्याने वाक्य पुन्हा म्हटलं. एमेरिकने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“सर ओस्बर्ट, संत एक आहेत, पण दिवस दोन आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या अस्थी देवळात आणल्या, तो एक. हिवाळ्यात त्यांना पुरलं, तो दुसरा. आमच्याकडे शेताचा खंड हिवाळी मार्टिनला देतात, नवी वाइन त्याच दिवशी फोडतात. नुसतं मार्टिन म्हटलं की तोच. मी त्याची शपथ घेतली आहे. त्या दिवशी दरवाजा उघडेल.” आणि मग अगदी सहज, “तुम्ही विचारलं नाहीत.”

ओस्बर्टने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जवळपास गावातली मोकळी अशी मी एकटीच होते. खरं काय, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, खंड हिवाळीला आणि जत्रा उन्हाळीला. दोन्ही खरं आहे. आणि वसंतात कुणी मार्टिन म्हटलं तर आधी येणारा उन्हाळीच धरायचा, हेही खरं आहे. यातली मेख अशी, की एमेरिक खोटं एक अक्षर बोलला नव्हता.

ओस्बर्ट आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला आणि त्याने दोर आणायला सांगितले. त्याला त्यात आनंद नव्हता. मेलेला ओलीस त्याच्या काय कामाचा? पण या वेळी त्याने फाशी दिली नसती, तर पुढच्या एकाही किल्ल्याने त्याला दिलेला शब्द पाळला नसता. त्यालाही त्या दोरात पकडलंच होतं.

अक्रोडाच्या खाली दोघांना उभं केलं. मला कुणी अडवलं नाही, म्हणून मी जवळ गेले. गोतिएच्या चेहऱ्यावरचं सगळं मटण उतरलं होतं.

“आलिझ,” तो म्हणाला, “रंधा दिलास कुणाला तरी चालेल.”

मी त्याची कॉलर नीट केली. दोराखाली ती दुमडली होती.

तिबो मात्र ताठ उभा होता. त्याचे डोळे चमकत होते. माझ्याकडे वळून, ओस्बर्टला ऐकू जावं अशा आवाजात तो म्हणाला, की काकांनी इंग्रजांना ऐन वेळी कसं गाठलं बघ. राजाला अख्खा शरद मिळाला. माझ्या जिवावर व्हेर्नाक राहणार असेल तर स्वस्तात राहिलं. त्याच्या घराण्यात असं बोलून मरणारे बरेच झाले असावेत. वाक्य घासून गुळगुळीत झालेलं होतं.

माझ्या मनात त्या वेळी व्हेर्नाक नव्हतं. गोतिएची मान होती. आणि गेले कित्येक दिवस डोक्यात अडकून बसलेली ती लाकडं होती.

“ऐन वेळी सुचलं, असं मला वाटत नाही, धनी,” मी म्हटलं. तिबोला मी तोवर कधी धनी म्हटलं नव्हतं. “लाकडं तर तहाच्या दुसऱ्या दिवसापासून भरतायत.”

“कसली लाकडं?”

मी सांगितलं. तळघर, जिना, ओली लाकडं. शिबंदीचा निम्मा पाव. एखाद्याने हिवाळाभर बसायची तयारी करावी तशी.

“दुसऱ्या दिवसापासून?”

“लाकडं. पाव त्याच संध्याकाळपासून.”

तो बुरुजाकडे बघत राहिला. घराण्याचं नाव वगैरे चेहऱ्यावरून निघून गेलं आणि खाली एक साधा, विचार करणारा मुलगा दिसायला लागला.

“म्हणजे पुलावर माझा हात धरून यांच्या हातात दिला, तेव्हाच,” तो म्हणाला आणि थांबला. मग कुणीतरी दुसऱ्याबद्दल बोलावं तसं म्हणाला, “पुढच्या वसंतात किल्ला माझ्याकडे यायचा होता.”

गोतिए माझ्याकडे बघायला लागला. त्यालाही आत्ताच कळत होतं, की या व्यवहारात तो नुसता वजनाला वजन म्हणून घातला गेला होता.

तिबोने ओस्बर्टला सांगितलं, मला असाच दोरासकट दरवाजापाशी न्या. ओस्बर्टने नेलं. मीही मागोमाग गेले. दरवाजाला माणसाच्या डोक्याएवढी एक खिडकी होती, तिच्यातून रनूलची दाढी दिसत होती.

“रनूल, ही किल्ली तुला कुणी दिली?”

“तुमच्या वडिलांनी.”

“कुणाची म्हणून दिली?”

वरून एमेरिकचा आवाज आला, अगदी शांत: रनूल, तुला राजाची आण आहे. तटावर शिबंदी उभी होती. तिबोच्या वडिलांची जुनी माणसं, अर्ध्या पोटावरची. कुणी दगड उचलला नाही, कुणी तिकडे पाहिलंही नाही. ती सगळी खाली, दरवाजाकडे बघत होती.

“आलिझ आहे का तिथे?” रनूलने विचारलं.

मी आहे म्हटलं.

“लाकडं हिवाळ्यासाठी होती होय,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. बरेच दिवस न सुटलेलं कोडं सुटल्याचं समाधान होतं. मग तो म्हणाला, “धनी, जरा मागे सरा. दरवाजा बाहेर उघडतो.”

आणि किल्ली फिरली.

ओस्बर्टने तहाप्रमाणे सगळं केलं. शिबंदी शस्त्रांसकट गेली. एमेरिक शेवटी निघाला. जाताना त्याने माझ्याकडे बघून मान लववली. गोतिए घरी आला, खाली बसला आणि रंधा कुठे आहे म्हणून विचारलं.

द्राक्षांची तोडणी संपली आणि मग आमच्या राजाची फौज आली. खरोखरच आली, हिवाळी मार्टिनच्या आधी. ओस्बर्टने टेकडीवरून तिची संख्या पाहिली, सामान बांधलं आणि लढाई न करता निघून गेला. फौजेबरोबर एमेरिकही परत आला. दरवाजा त्या दिवसापर्यंत बंद राहिला असता तर किल्ला गेलाच नसता, आणि हे त्याला कुणाला सांगावंही लागलं नाही.

चर्चमध्ये चौकशी बसली. किल्ला शत्रूला कुणी दिला? राजाचा एक कारकून प्रश्न विचारत होता, सर्दीने नाक लाल झालेला. तिबोच्या बाबतीत ठरलं, की गळ्यात दोर असताना बोललेला शब्द माणसाचा धरत नाहीत. पण ज्याची जीभ दोराने हलते त्याला सरहद्दीवरचा किल्ला देता येत नाही, असंही ठरलं. त्याला एक घोडा देऊन आजोळी पाठवलं. गोतिएला कुणी काही विचारलंच नाही. त्याचा तो राग पुष्कळ दिवस राहिला.

मी आपणहून उभी राहिले. लाकडांचं सांगितलं, पावाचं सांगितलं, केव्हापासून तेही सांगितलं. कारकुनाने लक्ष देऊन ऐकलं आणि एमेरिककडे वळून विचारलं, ही बाई म्हणते ते खरं? अगदी दुसऱ्याच दिवसापासून? एमेरिकने संकोचाने होय म्हटलं. कारकून म्हणाला, प्रत्येक किल्ल्याला इतका दूरदर्शी किल्लेदार मिळाला असता तर राजाला निम्मं राज्य गमवावं लागलं नसतं. पुतण्याचं मी काही बोलायला गेले, तेव्हा त्याने मला बसायला सांगितलं. रक्ताचं माणूस राजासाठी पणाला लावणं हे त्याच्या दृष्टीने वरचंच काहीतरी होतं.

मग रनूलला पुढे आणलं.

“दरवाजा का उघडलास?”

“धन्यांनी सांगितलं.”

“कोणत्या धन्यांनी?”

रनूलला हसू आलं.

“बरं झालं, सरकार,” तो म्हणाला. “या खेपेला कुणीतरी विचारलं तरी.”

सगळं चर्च हसलं. कारकूनही हसला, त्याला शिंकही आली. दरवाजा उघडताना रनूलच्या गळ्यात दोर होता का, एवढंच पुढे विचारलं. नव्हता.

त्याच्या कमरेची किल्ली आधी काढून घेतली. ती इतकी वर्षं तिथे होती, की बांधलेली जागा पांढरी पडली होती. फाशीला झाड तेच, अक्रोडाचं. दिवस हिवाळी मार्टिनचा. त्या दिवशी नवी वाइन फोडतात. वर किल्ल्यावर माझंच पिंप गेलं, गोतिएने बांधलेलं.

आता इतक्या वर्षांनी पाहते, तर ज्याचं त्याला मिळालेलं दिसतं. ओस्बर्टला पुढे दुसरीकडे दुसरा किल्ला मिळाला असं ऐकलं. तिबोला घोडा मिळाला. मला गोतिए मिळाला, आणि गोतिएला त्याची गोष्ट. ती त्याने मरेपर्यंत सांगितली, आणि तिच्यातलं मटण दर वर्षी वाढत गेलं. एमेरिकला व्हेर्नाक मिळालं. तो हिवाळा असा आला, की नदी गोठून गाड्या तिच्यावरून चालल्या. गावात लोकांनी बाकं जाळली, पाळणे जाळले. बुरुजातून मात्र सगळा हिवाळा धूर निघत होता. लाकडं तोवर छान सुकली होती.

ती कशासाठी आणली एवढंच ज्याला जाणून घ्यायचं होतं, सगळ्यांची किंमत त्या एकट्याने भरली.